एकाच खोलीत रेकॉर्डिंग आणि रेंडरिंग: शांत पीसी बांधायचा तर आधी वॅट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात राहत्या घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही ऑडिओबुकांचं वाचन रेकॉर्ड करता. त्याच खोलीत डाविंची रिझॉल्व्हवर व्हिडिओ एडिट करता आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावता, म्हणजे दृश्यांची अंतिम चित्रं मशीनकडून काढून घेता. जुन्या पीसीची घरघर मायक्रोफोनमध्ये येते. नव्या मशीनसाठी दुकानदाराने जे कोटेशन दिलंय त्यात इंटेलचा कोअर आय९-१४९००के प्रोसेसर, ३६० मिमीचा लिक्विड कूलर, आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड, समोरून काच असलेलं कॅबिनेट आणि सात रंगीत फॅन आहेत. शिवाय 'आवाज येऊ नये म्हणून' कॅबिनेटला आतून फोम लावून देतो असं तो म्हणालाय. हे मशीन शांत राहील का आणि मे महिन्यात टिकेल का, हे तुम्हाला हवंय.

सरळ सांगतो. यातलं ग्राफिक्स कार्ड ठेवा, बाकी जवळजवळ सगळं बदला. बदललेलं मशीन या कोटेशनपेक्षा महाग पडायचं काही कारण नाही. स्टुडिओ, एडिटर आणि आर्किटेक्ट लोकांसाठी मशीन बांधणं हाच माझा व्यवसाय आहे आणि त्यातली बरीच मशीन विदर्भात चालतात, तेव्हा पुढचं सगळं त्या अनुभवावरून लिहितोय.

सगळ्यात आधी तुमच्या गरजेकडे नीट बघू. तुम्ही लिहिलंय, 'ताकदवान आणि शांत'. या दोन मागण्या तुम्हाला एकाच वेळी लागतात का? रेकॉर्डिंग चालू असतं तेव्हा मशीन जेमतेम सत्तर-ऐंशी वॅट खातं. एक ऑडिओ सॉफ्टवेअर उघडं, स्क्रीनवर पुस्तकाचं पान, एवढंच. ग्राफिक्स कार्डचे फॅन तर अशा वेळी थांबलेलेच असतात. रेंडर लागतं तेव्हा मशीन चारशे-साडेचारशे वॅटवर जातं, पण तेव्हा तुम्ही माइकसमोर नसता. म्हणजे ऐंशी वॅटला मशीन ऐकू येता कामा नये, आणि साडेचारशे वॅटला ते शेजारी बसून काम करण्याइतपत सुसह्य असावं. ही फोड केली की काम एकदम आवाक्यात येतं. पूर्ण ताकदीला निःशब्द राहणारं मशीन बांधता येतं, पण त्याला खर्च फार येतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तेही हात टेकतं.

याला अपवाद एकच. रेंडर चालू ठेवून रेकॉर्डिंग करायचं असेल, डेडलाइनमुळे ती वेळ वारंवार येत असेल, तर मशीन खोलीबाहेर ठेवा. शेजारच्या खोलीत ठेवून भिंतीतून केबल काढा. यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटरची आहे आणि माइक पीसीला जोडणाऱ्या बहुतेक ऑडिओ इंटरफेसना तेवढी पुरते. मॉनिटरसाठी लांब अंतराच्या ऑप्टिकल एचडीएमआय केबल मिळतात. भिंतीसारखा आवाज अडवणारा दुसरा पदार्थ नाही. मात्र 'बाहेर' म्हणजे बंद कपाटात नव्हे. कपाटात तीच गरम हवा मशीन पुन्हा पुन्हा आत ओढतं आणि अर्ध्या तासात फॅन पूर्ण वेगाने ओरडू लागतात.

आता 'शांत' म्हणजे किती शांत, हे कानाने ठरवू नका. त्यासाठी एक चांगलं माप आहे. ऑडिबलसाठी ऑडिओबुकं घेणाऱ्या एसीएक्सच्या तांत्रिक अटींत नॉइज फ्लोअर, म्हणजे तुम्ही गप्प असताना रेकॉर्डिंगमध्ये उरणारा आवाज, उणे ६० डीबी आरएमएस किंवा त्याहून खाली असावा असं आहे, आणि वाचनाची पातळी उणे २३ ते उणे १८ डीबीच्या दरम्यान. तुमची पुस्तकं तिथे जात नसली तरी हीच पट्टी वापरा. आजच्या मशीनवर माइक लावा, रोजच्या पातळीवर गेन ठेवा आणि एक मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करा. मग मशीन बंद करा आणि लॅपटॉपवर किंवा मोबाइलच्या बॅटरीवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर, त्याच माइकने, त्याच पातळीला पुन्हा तसंच करा. दोन्हींत फरक किती पडतो ते बघा. फरक पडलाच नाही, तर तुमचा शत्रू पीसी नसून खिडकी, फ्रिज किंवा सोसायटीचा पंप आहे. असं खरंच होतं, म्हणून नवीन मशीनची ऑर्डर देण्याआधी हे करून घ्या.

फरक पडला, तरी पैसे काढण्याआधी जागा बदलून बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पीसी टेबलावर आहे आणि माइकपासून हातभर अंतरावर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती आवाज परत फेकत असल्यामुळे पूर्ण सहा मिळत नाहीत, पण फरक जाणवण्याइतका पडतोच. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तुमचा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. सध्या पीसी तुमच्या उजव्या हाताला, म्हणजे माइकच्या कुशीला आहे. तो माइकच्या बरोबर पाठीमागे, जमिनीवर आणि शक्य तितका लांब न्या. टेबलावर मशीन आणि माइकचा स्टँड एकत्र असतील, तर फॅनची थरथर लाकडातून थेट माइकमध्ये चढते. ती हवेतून येतच नाही, म्हणून कितीही फोम लावला तरी थांबत नाही. मशीन खाली, त्याच्याखाली जाड रबर, आणि माइक भिंतीला किंवा वेगळ्या स्टँडला. हे सगळं मिळून काही शे रुपयांचं काम आहे आणि कुठल्याही महागड्या फॅनपेक्षा जास्त फायदा देतं.

आता मशीनकडे वळतो. मी कोटेशन वाचतो तेव्हा फॅन आणि कूलर शेवटी बघतो. आधी वॅट मोजतो. मशीन भिंतीतल्या सॉकेटमधून जितकी वीज खेचतं तितकी सगळी शेवटी खोलीत उष्णता म्हणून येते. ती बाहेर काढायला हवा लागते, हवेला फॅन लागतात आणि फॅनचा आवाज होतो. साखळीचं पहिलं टोक आवळलं तर पुढचं सगळं आपोआप हलकं होतं. दुकानदार नेमकं उलटं करतात. सगळ्यात जास्त वीज खाणारा प्रोसेसर देतात आणि मग तो थंड करायला सगळ्यात मोठा कूलर विकतात.

१४९००के चा बेस पॉवर १२५ वॅट आणि कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट. त्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेज जाऊन अस्थिरता येत होती. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. घेतलाच तर बायोस, म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करूनच वापरावा लागेल. पण मुळात तुम्हाला त्याची गरज दिसत नाही. ब्लेंडरमध्ये सायकल्स हे रेंडरचं इंजिन तुम्ही ग्राफिक्स कार्डवर चालवणार, म्हणजे तिथे प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. इंटेल घेण्याचं एक खरं कारण असायचं, ते म्हणजे कॅमेऱ्यातून येणारं ४:२:२ दहा-बिट, म्हणजे रंगांचा तपशील जास्त असलेलं, फुटेज इंटेल प्रोसेसरमधल्या क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या भागावर सहज उलगडतं. आरटीएक्स ५० मालिकेत ४:२:२ डीकोडिंग कार्डातच आलंय, तेव्हा ते कारणही राहत नाही.

तुमच्यासाठी मी रायझन ९ ९९००एक्स घेईन. बारा कोअर, टीडीपी (कंपनीने सांगितलेली उष्णतेची पातळी) १२० वॅट, प्रोसेसरच्या सॉकेटवर प्रत्यक्ष मर्यादा १६२ वॅट. बायोसमध्ये कमी विजेत चालवणारा इको मोड लावून तो ६५ वॅटच्या वर्गात आणला की ही मर्यादा ८८ वॅटवर येते. 'मग वेग गेला की' असं वाटेल. पण प्रोसेसरचा शेवटचा थोडासा वेग मिळवायला वीज बेसुमार लागते, कारण वारंवारितेबरोबर व्होल्टेजही चढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सोळा कोअरचा ७९५०एक्स मी अनेकांना २३० वॅटऐवजी १४२ वॅटवर बांधून दिलाय. सगळे कोअर भरलेले असताना फरक साधारण पाच टक्क्यांच्या आसपास येतो. ८८ वॅटवर आणला तर पंधरा-वीस टक्के जातात. एडिटिंगच्या टाइमलाइनवर तर हा फरक कळतही नाही, कारण तिथे सगळे कोअर एकदम भरलेलेच नसतात. अडीचशे वॅटची उष्णता नव्वद-दीडशेवर येणं आणि कामाला थोडा जास्त वेळ लागणं, यातलं काय निवडायचं हे तुमच्यासारख्या माइकसमोर बसणाऱ्या माणसासाठी मला अगदी स्पष्ट आहे.

ग्राफिक्स कार्डचंही तसंच. ५०७० टीआय ३०० वॅटचं कार्ड आहे आणि तुमच्या मशीनमधली खरी भट्टी तेच आहे. सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट ८०-८५ टक्क्यांवर, कार्ड देईल तितकं खाली आणा, म्हणजे २४०-२५५ वॅट. रेंडरचा वेळ थोडा वाढेल, पण फॅनचा वेग लक्षात येण्याइतका उतरेल. कार्ड घेताना तीन फॅनचं, जाड हीटसिंकचं मॉडेल घ्या. इथे दोन फॅनचं लहान कार्ड घेऊन केलेली बचत रोज कानांनी फेडावी लागते. काही कार्डांवर दोन बायोसमध्ये बदल करणारं छोटं बटण असतं, ते 'सायलेंट'कडे ठेवा.

आता लिक्विड कूलर. लोक समजतात की पाणी आहे म्हणजे थंड आणि शांत. पाणी फक्त उष्णता प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. तिथून पुढे ती हवेतच सोडायची असते, फॅननेच. पाण्याची उष्णता धरून ठेवायची क्षमता जास्त असल्याने पहिली काही मिनिटं तापमान छान दिसतं, म्हणूनच दुकानातल्या डेमोत ते भाव खाऊन जातं. तासभर रेंडर चालला की पाणीही तापतं आणि मग हिशोब रेडिएटरच्या आकाराचा आणि फॅनच्या वेगाचाच उरतो. वर पंप आलाच. मोठ्या एअर कूलरचे फॅन कमी भारात अगदी मंद करता येतात. पंप सतत फिरतच राहतो आणि त्याचा बारीक, एकसुरी आवाज नेमका शांततेत, म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगच्या वेळेला, उघडा पडतो. पंप बिघडला तर मशीन काही मिनिटांतच ठप्प. एअर कूलरचा फॅन बिघडला तर बाजारात जाऊन नवा आणता येतो, आणि तोवर दुसऱ्या फॅनवर काम निभतं. अडीचशे वॅट तासन्‌तास प्रोसेसरवरच घालायचे असतील तर मीही ३६० चा लिक्विड कूलर लावतो. नव्वद-दीडशे वॅटला तो लागत नाही. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई स्वस्त आहे आणि तुमच्या कामाला पुरून उरतो. हात सैल असेल तर नॉक्चुआचा एनएच-डी१५. तो १६५ मिमी उंच आहे, तेव्हा कॅबिनेटची रुंदी आणि रॅमची उंची आधी तपासा. रॅम चमकदार उंच पट्ट्यांची घेऊ नका, ती कूलरच्या फॅनखाली अडकते.

कॅबिनेट आणि फोम या विषयावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात. समोर काच म्हणजे हवेला वाट नाही. फॅन काचेच्या मागून, कडेच्या फटीतून हवा ओढतो, त्यासाठी जोरात फिरतो, आणि फटीतून जाणारी हवा वेगळाच सूं-सूं आवाज करते. त्यावर फोम लावला की आत उरलेली वाटही आवळली जाते. शिवाय फोम करतो काय? एक सेंटिमीटर जाडीचा फोम काही हजार हर्ट्झच्या वरचा बारीक आवाजच शोषू शकतो. फॅनच्या घुमण्याचा हिशोब करा. सात पात्यांचा फॅन मिनिटाला ८०० फेऱ्या मारत असेल तर त्याचा मूळ सूर ७ गुणिले ८०० भागिले ६०, म्हणजे ९३ हर्ट्झच्या आसपास. नऊ पात्यांचा फॅन १५०० वर असेल तर २२५ हर्ट्झ. या आवाजाची लांबी हवेत दीड ते पावणेचार मीटर भरते. सेंटिमीटरभर फोमला तो आवाज जुमानत नाही.

आणि हे आकडे तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचे आहेत. वाचनाच्या रेकॉर्डिंगला आपण साधारण ८० हर्ट्झखालचं सगळं फिल्टरने कापतो. ९३ किंवा २२५ हर्ट्झ कापता येत नाही, कारण माणसाचा आवाज, विशेषतः पुरुषी खर्ज, त्याच पट्ट्यात बसतो. तो कापला की आवाज पोकळ होतो. पण तोच सात पात्यांचा फॅन ६०० फेऱ्यांवर आणला तर मूळ सूर ७० हर्ट्झवर येतो आणि फिल्टर त्यातला बराच भाग उचलून नेतो. रेकॉर्डिंगच्या वेळी फॅन मंद ठेवा असं मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

फॅनचं गणित आपल्या बाजूचं आहे, ते वापरून घ्या. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने पडतो. एकसारखे दोन फॅन लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, तीन लावले तर पाचच्या आसपास. म्हणजे १५०० फेऱ्यांवरचा एक फॅन काढून तसेच तीन फॅन ७५० वर लावले, तर हवा दीडपट मिळते आणि आवाज दहा डेसिबलने कमी. दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा. म्हणून मोठे, थोडे जास्त आणि मंद फॅन. समोर तीन १४० मिमीचे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, बस. त्या सात रंगीत फॅनपैकी निम्मे एकमेकांच्या हवेच्या आड येतील.

एवढ्या हवेने भागेल का, तेही बघू. प्रोसेसर, कार्ड आणि बाकीचं मिळून साडेचारशे वॅट धरा. हवा दहा अंशांनी तापू द्यायची ठरवली तर ताशी सुमारे १३५ घनमीटर हवा लागते. चांगला १४० मिमीचा फॅन १५०० फेऱ्यांना मोकळ्या हवेत ताशी १४० घनमीटर देतो. ८०० वर पंचाहत्तर. तिघांचे सव्वादोनशे झाले. जाळी, फिल्टर आणि आतली अडगळ यात निम्मे गेले असं धरलं तरी शंभराच्या वर उरतात. म्हणजे पूर्ण भारात कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा बारा-तेरा अंशांनी गरम. हे चालतं. समोर पूर्ण जाळी असलेलं कॅबिनेट घ्या: फ्रॅक्टलचं नॉर्थ एक्सएल, लियान लीचं लॅनकूल २१६ किंवा त्या घडणीचं दुसरं काही. लॅनकूलमध्ये समोर १६० मिमीचे दोन फॅन आधीच येतात, ते या कामाला पुरतात. दार बंद असलेली 'सायलेंट' कॅबिनेटं थंड हवेच्या देशांत, कमी वॅटच्या मशीनला शोभतात. विदर्भात मी ती देत नाही.

आता नागपूर. कुठलाही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, आणि खोली एक अंशाने तापली की प्रोसेसर आणि कार्डही साधारण एकेक अंशाने तापतात. यूट्यूबवर परदेशी समीक्षक २१-२२ अंशांच्या खोलीत मोजतात. तिथे कार्ड ६२ अंश दिसलं, तर तुमच्या ३९ अंशांच्या खोलीत तेच कार्ड त्याच फॅनच्या वेगाला ७९ ला असेल. यात घाबरण्यासारखं काही नाही. एएमडी या रायझनची कमाल मर्यादा ९५ अंश सांगते आणि तिथवर चालणं हे त्यांच्या रचनेतच धरलेलं आहे. पण फॅनचा वेग तापमानावर ठरत असेल, तर जानेवारीत शांत असलेलं मशीन मे महिन्यात तीच कामं करताना गर्जू लागतं. म्हणून मी विदर्भातल्या मशीनला आकडे जरा चढे राहू देतो. कार्ड ७८-८० वर, प्रोसेसर ८५ च्या आसपास, निवांत राहू द्या. साठ-पासष्टचा हट्ट धरून आवाज विकत घेऊ नका.

डेझर्ट कूलरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण नागपुरातली खोली आहे म्हणजे खिडकीत कूलर असणारच. तो चालू असताना पीसीचा आवाज ऐकूच येणार नाही, म्हणून उन्हाळ्यात रेंडरच्या वेळी शांततेची चिंता सोडून द्या आणि कॅबिनेटचे फॅन (केस फॅन) खुशाल हजार फेऱ्यांवर जाऊ द्या. रेकॉर्डिंगला मात्र कूलर आणि छताचा पंखा दोन्ही बंद होतील, आणि तेव्हाच मशीन उघडं पडेल. म्हणून क्रम असा ठेवा: रेंडर संपवा, फॅन मंद होऊन मशीन निवेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग कूलर बंद करून वाचनाला बसा. रेंडर संपल्यासंपल्या बसलात तर पहिल्या पानांत उतरत जाणाऱ्या फॅनचा सूर पकडला जाईल. आणि कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नका. ओलसर हवेने गरम मशीनमध्ये पाणी साचत नाही, पण वाळ्याच्या ताट्यांतून उडणारे थेंब आणि ओली धूळ मदरबोर्डवर बसली की गंज धरते. कूलरच्या एका बाजूला, झोताबाहेर, पण हवा खेळती राहील अशी जागा निवडा.

एसी असेल तर एवढं लक्षात घ्या की एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो. तुमचं मशीन पूर्ण भारात अर्धा किलोवॅट टाकतं, म्हणजे एसीचा सातवा हिस्सा मशीनलाच जातो. वॅट आवळायचं हेही एक कारण, आणि हे वीजबिलात दिसतं.

धुळीसाठी आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे हवा फिल्टरमधूनच शिरते, फटींतून शिरत नाही. वर सांगितलेली तीन आत, एक बाहेर ही रचना त्यासाठीच आहे. मार्च ते जून फिल्टर पंधरवड्याला धुवा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो बेफाम फिरून बेअरिंग जातं, आणि बेअरिंग गेलेल्या फॅनची टिकटिक कुठल्याही सेटिंगने जात नाही.

फॅनचं सेटिंग हा बहुतेक असेंबलर सोडून देतात तो भाग, आणि माझ्या मते शांत मशीनचं निम्मं काम इथे आहे. रायझनचं तापमान एखादी फाइल उघडली तरी क्षणात पंधरा-वीस अंशांनी उडी मारतं. फॅन त्याच्या मागे धावला की दर अर्ध्या मिनिटाला वूं करून चढतो आणि उतरतो. कानाला आणि माइकला हा चढउतार सतत चालणाऱ्या मंद आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. नॉइज रिडक्शन एका स्थिर आवाजाचा ठसा घेऊन तो वजा करतं. बदलत्या आवाजावर ते आंधळं होतं. म्हणून बायोसमध्ये फॅन वाढण्याचा आणि उतरण्याचा वेळ जितका लांबवता येईल तितका लांबवा. केस फॅन प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नका, ग्राफिक्स कार्डला बांधा. विंडोजवर 'फॅन कंट्रोल' नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे करतं. त्यात दोन प्रोफाइल बनवा. 'रेकॉर्डिंग'मध्ये प्रोसेसरचे आणि कॅबिनेटचे सगळे फॅन ५०० ते ६०० फेऱ्यांवर खिळलेले. ऐंशी वॅटला एवढी हवा भरपूर झाली. 'रेंडर'मध्ये कार्ड ६० अंशांपर्यंत ६००, पुढे सावकाश चढत ८० ला हजार. एखादा फॅन ठराविक वेगाला घुमतो, तो वेग कानाने शोधा आणि फॅनच्या वेगाच्या आलेखातून वगळा.

उरलेलं पटकन. फिरणारी हार्डडिस्क या मशीनमध्ये नकोच. ७२०० फेऱ्यांची डिस्क १२० हर्ट्झचा गुणगुणाट कॅबिनेटच्या पत्र्याला देत राहते. जुनं फुटेज साठवायचं असेल तर डिस्क दुसऱ्या खोलीत नासमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या साठवणीच्या पेटीत, ठेवा. आत दोन एनव्हीएमई एसएसडी, चौथ्या पिढीचे. पाचव्या पिढीचे जास्त तापतात आणि तुमच्या कामात फरक दिसणार नाही. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ८५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा, कमी भाराला फॅन थांबवणारा घ्या. साडेचारशे वॅटचं मशीन त्यावर निम्म्या भाराला चालेल, म्हणजे तो कमी तापेल आणि त्याचा फॅन क्वचितच जोरात फिरेल. वीज जाणं-येणं असेल तर यूपीएस प्युअर साइन वेव्हचा आणि त्याचाही फॅन सतत फिरणारा नको. रॅम ३२ जीबीच्या दोन पट्ट्या. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५ चा वेग उतरतो.

एक गोष्ट नशिबावर असते, ती कॉइल व्हाइन. भाराखाली कार्डच्या किंवा एसएमपीएसच्या कॉइल बारीक किरकिरतात आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत हे वेगळं असू शकतं. ती रेंडरच्या वेळी येत असेल तर सोडून द्या, पण नुसत्या डेस्कटॉपवर येत असेल तर नग बदलून मागा. म्हणून मशीन दुकानातून उचलण्याआधी तिथेच ऐका, आणि बाजारातल्या गोंगाटात कळणार नाही म्हणून किमान आठवडाभर बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्या.

दुकानदाराशी बोलताना वाद घालायची गरज नाही. प्रोसेसर ९९००एक्स, एअर कूलर, समोर जाळीचं कॅबिनेट, १४० मिमीचे चार फॅन (लॅनकूल घेतलं तर त्याचे आलेले फॅनच), फोम नाही, एसएमपीएस ८५० गोल्ड, कार्ड तेच, एवढी यादी द्या. लिक्विड कूलर, सात फॅन आणि फोमचे वाचलेले पैसे रॅमला किंवा कार्डच्या चांगल्या मॉडेलला लावा. त्याच्याकडून बायोसमधला इको मोड लावून घ्या किंवा घरी मदरबोर्डच्या मेन्यूत तुम्हीच लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

मशीन घरी आलं की दोन चाचण्या करा. पहिली: ब्लेंडरचा एखादा जड सीन तासभर लावा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर, कार्ड आणि एसएसडीची तापमानं शेवटच्या दहा मिनिटांत स्थिर आहेत का ते बघा. तासाच्या शेवटीही आकडे चढतच असतील तर कॅबिनेटमधून हवा निघत नाहीये, समोरचा फिल्टर आणि मागचा फॅन तपासा. दुसरी: मशीन निवल्यावर 'रेकॉर्डिंग' प्रोफाइल लावून, माइक नेहमीच्या जागी ठेवून, एक मिनिटाची शांतता रेकॉर्ड करा. ती उणे ६० च्या खाली आली तर काम झालं. नाही आली तर फॅन एकेक करून काही सेकंद थांबवा आणि कोणता थांबल्यावर पातळी पडते ते शोधा. तो आकडा, माइकचं मॉडेल आणि खोलीचं तापमान एवढं मला कळवा, पुढचं आपण त्यावरून ठरवू.